समलिंगी, तृतीयपंथी, समपथिक
अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं, तरी एसटी स्टँडवर अजून ‘नगर’च ऐकू येतं. माणसांसाठीचे शब्द बदलायलाही असाच वेळ लागतो. ‘हिजडा’ हा शब्द लोकांनी शिवीसारखा वापरला. त्याजागी ‘तृतीयपंथी’ रुळला. पंथ म्हणजे वाट, म्हणून मला तो आवडतो. पण गे पुरुषाला तृतीयपंथी म्हणणं चूकच. तो स्वतःला पुरुषच मानतो, त्याची ओढ पुरुषाकडे असते, इतकंच. त्याला ‘समलिंगी’ म्हणावं. ‘अनैसर्गिक’ म्हणू नये; तो जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधला शब्द होता. प्रौढांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्या कलमातून वगळले. त्याआधीच, २००२ साली, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगींसाठीच्या आपल्या संस्थेला ‘समपथिक’ नाव दिलं होतं. त्यात लिंगाचा उल्लेखच नाही, फक्त सोबतीनं चालणं आहे.