विश्रांतीकडून भाराकडे: अकिलीस कंडरेच्या उपचारांचा मागोवा

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या अकिलीस कंडरेचे जुनाट दुखणे हा विसाव्या शतकात दीर्घकाळ शोथाचा, म्हणजे सूज आणि दाह यांचा विकार समजला जात असे, आणि म्हणूनच विश्रांती, दाहशामक गोळ्या, स्टेरॉइडची इंजेक्शने व अखेरीस शस्त्रक्रिया असा उपचारांचा क्रम रूढ झाला होता. १९७६ मध्ये इटलीतील पुद्दू व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंडरेच्या तंतूंतील ऱ्हास शोथापासून वेगळा काढून त्यास ‘टेंडिनोसिस’ म्हटले. परंतु निदान बदलले तरी उपचार लगेच बदलले नाहीत.

कॅनडातील कर्विन व स्टॅनिश यांनी १९८४ मध्ये कंडरेवर क्रमाक्रमाने भार वाढवण्याचा व्यायाम मांडला होता. त्याची खरी दखल घेतली गेली ती १९९८ मध्ये, स्वीडनमधील उमिओ येथील अस्थिशल्यचिकित्सक होकन अल्फ्रेडसन यांच्या अभ्यासानंतर. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यायची, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून प्रत्येकी १५ वेळांच्या ३ फेऱ्या दिवसातून दोनदा, अशा १८० आवर्तनांचा हा क्रम १२ आठवडे चालवायचा होता, आणि दुखले तरी तो सोडायचा नव्हता. अल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हे दुखणे होते, आणि वरिष्ठांनी शस्त्रक्रिया नाकारल्यावर कंडरा तुटली तर ती करावीच लागेल, या हट्टाने आपण तिच्यावर भार टाकला, अशी हकिकत ते सांगत आले आहेत. अभ्यासातील पंधराही हौशी धावपटू पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. मात्र एवढ्या लहान आणि यादृच्छिक विभागणी न केलेल्या गटावर जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी टाकलेला विश्वास पुराव्याच्या मानाने अधिकच होता.

मर्यादा लवकरच दिसल्या. २००३ मध्ये अल्फ्रेडसन यांच्याच संशोधक-गटाने नोंदवले, की कंडरेच्या मध्यभागी दुखणाऱ्यांना जेवढा गुण येतो त्याच्या निम्माही, हाडाला चिकटते तेथे दुखणाऱ्यांना येत नाही. त्यांच्यासाठी पुढे टाच जमिनीच्या पातळीखाली न नेण्याचा बदल सुचवला गेला. दरम्यान २००७ मध्ये सिल्बरनागेल व सहकाऱ्यांनी, वेदना दहापैकी पाचांच्या आत राहत असेल तर धावणे सुरू ठेवूनही सुधारणा होते, असे दाखवून सक्तीच्या विश्रांतीचा उरलासुरला आधारही काढून घेतला. २०१५ मध्ये डेन्मार्कमधील बायर व सहकाऱ्यांनी आठवड्यातून तीनदाच, जड वजनाने, संथपणे टाच वर-खाली करण्याचा व्यायाम अल्फ्रेडसन यांच्या क्रमाइतकाच गुणकारी ठरल्याचे दाखवले, तेव्हा खाली नेण्याच्या हालचालीत खास काही गुण असतो, ही समजूत डळमळली.

इंजेक्शनांचा मोह मात्र टिकून राहिला. रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणूंचे (प्लेटलेटचे) प्रमाण वाढवून ते द्रव्य कंडरेत सोडण्याची पद्धत खेळाडूंत लोकप्रिय झाली; पण २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत व्यायामाच्या जोडीला दिलेले हे इंजेक्शन मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाहून सरस ठरले नाही, आणि २०२१ मध्ये ब्रिटनमधील २४० रुग्णांच्या चाचणीतही लटक्या इंजेक्शनाच्या तुलनेत त्याचा अधिक लाभ दिसला नाही.