विटाळ, लेवीय आणि येनातला वाद

पाळीच्या दिवसांत बाईने प्रभुभोजन घ्यावे का, बाळंतिणीने चाळीस दिवस चर्चची पायरी चढू नये का, डुकराचे मांस खाल्ले तर पाप लागते का, असे प्रश्न ख्रिस्ती घरांत अजून निघतात. मग कोणीतरी बायबलमधल्या लेवीयचे ११ ते १५ हे अध्याय उघडतो. वचन तिथे असतेच. ते कोणाला सांगितले होते, एवढे बघायचे राहून जाते.

नेमका हाच मुद्दा पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या येना गावात पेटला होता. २२ ऑगस्ट १५२४ रोजी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तिथे प्रवचन केले. श्रोत्यांत त्याचा जुना सहकारी आंद्रेआस कार्लश्टाट बसला होता. जवळच्या ओर्लामुंडेत तो पाळक होता आणि मोशेच्या आज्ञेनुसार चर्चमधल्या मूर्ती हटवल्याच पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. नंतर ‘काळे अस्वल’ या सराईत दोघे समोरासमोर आले. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी ल्यूथरने सोन्याचे नाणे काढून कार्लश्टाटच्या हातावर ठेवले : माझ्याविरुद्ध खुशाल लिही! त्या सराईच्या जागी आज त्याच नावाचे हॉटेल आहे.

वाद शुद्धाशुद्धाचा नव्हता, पण तत्त्व तेच होते. ओर्लामुंडेचे लोक आता सुंताही करू लागतील, असे ल्यूथरने त्याच वर्षी जानेवारीत एका पत्रात लिहिले होते. १५२५च्या प्रवचनात त्याने भूमिका उलगडून सांगितली : मोशेचे नियमशास्त्र इस्राएल लोकांना दिलेले आहे, त्यातले जे सगळ्याच माणसांच्या अंतःकरणात मुळात लिहिलेले आहे, तेवढे ख्रिस्ती माणसाला बंधनकारक.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे अशुद्ध म्हणजे पापी. लेवीय नीट वाचले तर तसे दिसत नाही. वीर्यपात झालेला पुरुषही संध्याकाळपर्यंत अशुद्धच. गणना १९ प्रमाणे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध; म्हणजे आईबापाला मूठमाती देणारा मुलगाही त्यात आला, आणि ते तर त्याचे कर्तव्यच. ही अवस्था होती, अपराध नव्हे. तिचा संबंध मुख्यतः मंदिराशी होता. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, तेव्हा यहुद्यांचेही यातले बरेच नियम व्यवहारातून गेले.

लेवीय १३मधला ‘कुष्ठ’ कपड्यांना आणि पुढच्या अध्यायात घराच्या भिंतींनाही होतो. तो आजचा जंतुजन्य कुष्ठरोग नसावा, हे एवढ्यावरूनच कळते. तरी त्या वचनांच्या आधाराने कुष्ठरुग्णांना शापित ठरवले गेले, याचे मला फार वाईट वाटते.

खाण्याचा प्रश्न सोपा आहे. सर्व अन्न शुद्ध, हे मार्क ७मध्ये आहे. म्हणून गोव्यात नाताळला डुकराच्या मांसाचे सोरपोतेल शिजते. पुण्यात ज्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे, ते ॲडव्हेंटिस्ट मात्र डुक्कर वर्ज्य मानतात, तेही मुख्यतः आरोग्यासाठी. इथिओपियाच्या जुन्या मंडळीतही तो नियम आहे. पण यरुशलेमच्या सभेने (प्रेषितांची कृत्ये १५) परराष्ट्रीयांवर सुंतेचे आणि मोशेच्या नियमांचे ओझे न लादता मोजक्याच गोष्टी टाळायला सांगितल्या.

हे नियम मागासलेले होते, असाही निष्कर्ष काढू नये. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांनी खवले-पर असलेलाच मासा खाण्याची रीत शतकानुशतके जपली. त्यावरूनच त्यांची यहुदी म्हणून ओळख पटली, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. तो त्यांचा करार, त्यांचा मान. १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध विखारी पुस्तक लिहिणाऱ्या ल्यूथरला हा मान ठेवता आला नाही, हेही सांगायलाच हवे.

बाळंतिणीच्या चाळीस दिवसांचे मूळ लेवीय १२मध्ये आहे. मरियेनेही ते पाळले आणि गरिबांना सांगितलेली पाखरांची जोडी वाहिली, कारण ती यहुदी होती. इंग्लंडच्या मंडळीने १५५२च्या प्रार्थनापुस्तकात ‘शुद्धीकरण’ हे नाव काढून त्याला बाळंतिणीची उपकारस्तुती म्हटले. आभार मानायला बाई चर्चमध्ये येते, विटाळ फेडायला नव्हे.

आणि पाळी? बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई लेवीय १५ प्रमाणे तेवढी वर्षे अशुद्धच होती. गर्दीत ती येशूच्या वस्त्राला शिवली. त्याने तिला झिडकारले नाही, ‘मुली’ म्हणून हाक मारली. तुमच्या मंडळीत एखाद्या बाईला पाळीसाठी मागे बसवत असतील, तर लेवीय १५ दाखवणाऱ्यासमोर मार्कचा पाचवा अध्याय उघडा आणि तो मोठ्याने वाचा.