घरगुती यंत्रात अंडी उबविणे : पहिल्या रवणीचा हिशेब

खुडूक कोंबडी ही अंडी उबविण्याची सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त सोय होय, यात वाद नाही. दहा-बारा अंड्यांवर ती एकवीस दिवस निष्ठेने बसते, अंडी स्वतःच फिरविते आणि पिले निघाल्यावर त्यांस दाणा टिपावयास शिकविते. तथापि या सोयीची किंमत शेतकऱ्यास अंड्यांच्या रूपाने द्यावी लागते. रवणीचे एकवीस दिवस व पुढे पिलांमागे हिंडण्याचे दीड-दोन महिने ती अंडे घालीत नाही. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंड्यांवर थांबते, त्याचे एक मोठे कारण हेच होय. शिवाय एकाच वेळी तीस-चाळीस पिले हवी असता तितक्या कोंबड्या एकदम खुडूक होत नाहीत. आणि रोगाने खुराडेच रिकामे केले असेल, तर रवणीला बसवावयाचे कोणास?

असाच प्रसंग आमच्या शेजारच्या एका शेतकरीबाईंवर आला. सन २०२३ च्या पावसाळ्यात मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, त्यांच्या तेवीस कोंबड्या चार दिवसांत गेल्या. अंड्यांवर त्यांच्या घरचे मीठ-मिरची व मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागत असे. विकतची पिले आणण्यापेक्षा माहेरची पाहिलेली जात पुन्हा घरी यावी, ही त्यांची इच्छा. माहेरचे खुराडे निरोगी असल्याची खात्री करून तेथून त्यांनी सहा दिवसांत जमविलेली चाळीस अंडी आणली, व सन २०२४ च्या माघ महिन्यात आमच्या मागल्या खोलीतील नव्या यंत्रात ती ठेविली. यंत्राची आमचीही ती पहिलीच रवण होती.

यंत्राने पिले काढण्याची विद्या नवी नव्हे. मिसर देशात मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबविण्याची चाल फार प्राचीन आहे. फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्यूर याने त्या पद्धतीचा अभ्यास करून सन १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मिसरी कारागिरांपाशी उष्णतामापक नव्हता. अंडे पापणीला लावून ते उष्णता ओळखीत. यावरून एवढे ध्यानात यावे की, यंत्र ऊब देते. राखण माणसासच करावी लागते. आमची हयात महसूल कचेरीत खतावण्या लिहिण्यात गेली. सबब आम्ही प्रत्येक अंड्यास शिसपेन्सिलीने अनुक्रमांक घातला व एक वही उघडली. सात-बाऱ्यावाचून जमीन नाही, तसे नोंदीवाचून अंडे नाही, असा नियम केला.

प्रथम अंड्यांविषयी. अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे. ते थंड जागी ठेवावे. परंतु घरातील शीतकपाट त्यास फाजील थंड होते, म्हणून त्यात ठेवू नये. माठाशेजारची सावलीची जागा पुरते. अंडे धुऊ नये, कारण कवचावरील नैसर्गिक लेप धुऊन जातो व घाण आत शिरते. तडा गेलेले, फार लहान अथवा वेडेवाकडे अंडे वगळावे. दुरून आणलेली अंडी रुंद टोक वर करून काही तास स्वस्थ ठेवावी व मग यंत्रात घालावी. यंत्र मात्र एक दिवस आधीच चालू करून त्याची उष्णता स्थिर झाली आहे, हे पाहावे.

उष्णता हा या कामाचा कणा होय. पंखा असलेल्या यंत्रात ती ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, असावी. पंखा नसेल तर वरची हवा ऊन व खालची गार राहते, म्हणून अंड्यांच्या माथ्याशी मोजून सुमारे १०२ अंश ठेवावी. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. त्याची रुजवात घ्यावी. ताप पाहण्याचा घरातील तापमापक या कामी उत्तम, कारण हवा तो अंश त्याच्या मापातच येतो. थोडी उष्णता कमी झाल्यास पिले उशिरा निघतात; पण एक-दोन अंश जास्त होऊन तशीच राहिल्यास गर्भ मरतो.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पहिले अठरा दिवस आर्द्रता शेकडा ५० ते ५५, व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० असावी. देशावरील माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत भांड्यातील पाणी लवकर आटते, हे विसरू नये. ओलावा पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर पसाऱ्यावर अवलंबून असतो. सबब खोल वाटीपेक्षा पसरट ताटली बरी. खरी परीक्षा तराजूत होते. चाळीस ग्रॅमची दहा अंडी वेगळी तोलीत गेल्यास अठराव्या दिवसापर्यंत त्यांचे वजन ४५ ते ५० ग्रॅम घटले पाहिजे. घट कमी असल्यास ओलावा जास्त होत आहे, व घट अधिक असल्यास तो कमी पडत आहे, असे समजावे. हवेची भोके मात्र कधीही बुजवू नयेत. कवचाआड जीव श्वास घेत असतो.

तिसरी गोष्ट फिरविण्याची. अंडे एकाच कुशीवर राहिल्यास गर्भ आतील पापुद्र्यास चिकटतो. ज्या यंत्रात आपोआप फिरविण्याची सोय नाही, त्यात दिवसातून तीन किंवा पाच वेळा हाताने फिरवावे. संख्या विषम असावी, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस शून्य काढले म्हणजे घोटाळा होत नाही. अठराव्या दिवशी फिरविणे बंद करावे.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून प्रत्येक अंडे विजेरीच्या उजेडापुढे धरिले. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे तांबड्या शिरा व मध्ये काळसर ठिपका दिसतो. वांझ अंडे स्वच्छ दिसते. अशी सहा अंडी निघाली. चौदाव्या दिवशी आणखी दोन मेलेली आढळली. मधल्या अकराव्या रात्री वीज चार तास गेली. त्या वेळी यंत्र न उघडता हवेची भोके मोकळी ठेवून त्यावर घोंगडी पांघरली. काही तासांचा गारवा गर्भ बहुधा सोसतो. झाकण वारंवार उघडून पाहणे हेच अशा वेळी अधिक घातक होय.

एकविसाव्या दिवशी पहाटे पहिल्या कवचास टोचा पडला व आतून चिवचिव ऐकू आली. टोचा पडल्यापासून पिलू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात, आणि येथेच माणसाचा धीर सुटतो. त्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, वाईच कवच सोलून दिलं तर काय बिघडंल?” आम्ही म्हटले, “ताई, सकाळपर्यंत थांबा. आतला बलक अजून पोटात ओढला जायचा आहे. आत्ता सोलाल तर रक्त येईल.” त्या रात्रभर बसून राहिल्या, पण हात लाविला नाही. बाविसाव्या दिवशी दुपारपर्यंत सव्वीस पिले कोरडी होऊन उभी राहिली. पोटातील बलकावर पिलू दोन दिवस निभावते. म्हणून पूर्ण वाळेपर्यंत त्यास यंत्राबाहेर काढण्याची घाई नको.

आता हिशेब. चाळीस अंड्यांत सव्वीस पिले म्हणजे शेकडा ६५. परंतु एवढ्या एका आकड्याने काही कळत नाही. दोन खाती निराळी मांडावी. सहा अंडी वांझ, हे यंत्राचे खाते नव्हे. माहेरी एका कोंबड्यामागे सोळा कोंबड्या होत्या, आठ-दहाच असाव्या. उरलेल्या चौतीस फळलेल्या अंड्यांत सव्वीस पिले, म्हणजे शेकडा ७६, हे यंत्राचे खरे खाते. आठ गेली, त्यांत चार पूर्ण वाढून कवचातच मेली. असे मरण बहुधा उष्णता, ओलावा अथवा हवा यांतील बिघाड दाखविते, आणि त्या चार तासांच्या अंधारावर संशय घेण्यास जागा आहे. ज्याने नोंद ठेविली नाही, तो वांझ अंड्यांसाठी यंत्रास दोष देईल आणि पुढील खेपेस तोच तोटा पुन्हा सोशील.

पिले निघाली म्हणजे काम संपले असे नाही. पहिल्या आठवड्यात त्यांस ९५ अंश फॅरनहाइट ऊब द्यावी व पुढे दर आठवड्यास पाच अंश कमी करावी. पिले दिव्याखाली गर्दी करू लागल्यास त्यांस थंडी वाजते, दूर पळाल्यास उकाडा होतो, असे जाणावे. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावी. ज्या रोगाने खुराडे रिकामे केले, त्यास दार उघडे ठेवण्यात शहाणपण नाही. बाईंची एकवीस पिले वाढली. त्यांत अकरा माद्या निघाल्या व भाद्रपदात त्या अंड्यांवर आल्या. निम्मे नर निघणार, हे आधीच धरून चालावे.

सारांश, दहा-बारा अंड्यांसाठी यंत्र घेऊ नये. खुडूक कोंबडी त्याहून सरस आहे, कारण ती वीज मागत नाही व पिले स्वतः वाढविते. तीस-चाळीस पिले एका वयाची हवी असतील, अथवा घरी कोंबडीच उरली नसेल, तर यंत्र उपयोगी पडते. ते दोन-चार घरांनी मिळून घ्यावे. मात्र राखण एकाच जबाबदार माणसाकडे असावी. शक्यतो घरच्या बाईकडे द्यावी, कारण कोंबडीचे मन तिला आपणांहून अधिक कळते. यंत्राबरोबर एक वही, एक पेन्सिल व एक खात्रीचा तापमापक घेण्यास मात्र कोणी विसरू नये.