राजा गेला, ढोल उरले!

बुरुंडीच्या किरुंडी भाषेत 'इंगोमा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक ढोल आणि दुसरा राज्य. पूर्व आफ्रिकेतील या चिमुकल्या देशात ढोल हे केवळ वाद्य नव्हते, ते राजसत्तेचेच रूप होते. 'कार्येन्डा' हा पवित्र ढोल राजसत्तेचे सर्वोच्च चिन्ह मानला जाई. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा राष्ट्रध्वजाच्या मध्यभागीही हाच ढोल झळकत होता.

राज्याभिषेक, राजाची अंत्ययात्रा आणि ज्वारीच्या पेरणीचा 'उमुगानुरो' हा उत्सव अशा प्रसंगी हे ढोल घुमत. वादनाचा मान ठराविक घराण्यांकडे असे आणि ही विद्या पित्याकडून पुत्राकडे जाई. एकोणिसाव्या शतकात राजा म्वेझी गिसाबो याने गितेगाजवळील गिशोरा टेकडीवर वसविलेले ढोलांचे पवित्र स्थान आजही प्रसिद्ध आहे.

हे ढोल 'उमुवुगांगोमा' या झाडाच्या खोडातून कोरले जातात. 'ढोलाला बोलते करणारे झाड' असाच या नावाचा अर्थ. पोखरलेल्या खोडावर गाईचे कातडे ताणून ते लाकडी खुंट्यांनी घट्ट बसवितात. डोक्यावर जड ढोल घेऊन, ते वाजवीतच वादक मैदानात उतरतात. मग मधल्या ढोलाभोवती अर्धवर्तुळ तयार होते. डझनभर ढोल असतात, मात्र त्यांची संख्या नेहमी विषमच. मधला 'इन्किरान्या' ताल बदलण्याचा इशारा देतो, 'अमाशाको' अखंड ठेका धरतात, तर 'इबिशिकिझो' मधल्या ढोलाची साथ करतात. वादक आळीपाळीने मध्यभागी येऊन नृत्य व उड्यांचे कौशल्य दाखवितात.

१९६६ साली लष्करी उठावात राजेशाही संपुष्टात आली. राजा गेला, पण ढोल थांबले नाहीत. ते राष्ट्रीय समारंभांत आणि परदेशी रंगमंचांवर पोहोचले. त्यांचे ध्वनिमुद्रण जोनी मिचेल यांनी १९७५ मधील एका गीतात वापरले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटिश पॉप संगीतातही त्यांचा ठेका ऐकू आला. २०१४ मध्ये युनेस्कोने या ढोलनृत्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

जागतिक मान्यतेनंतर तीनच वर्षांत वाद पेटला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष पिएर एन्कुरुन्झिझा यांनी काढलेल्या आदेशाने स्त्रियांना ढोलवादनास मनाई करण्यात आली. पथकांना नोंदणी आणि शासकीय समारंभांबाहेरील कार्यक्रमांना सरकारी परवानगी सक्तीची झाली. परंपरेने ढोल पुरुषांचाच, असे समर्थन झाले. मात्र काही काळापासून स्त्रियांची पथकेही पुढे येत होती, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले. २०१५ च्या राजकीय संघर्षानंतर रवांडात आश्रय घेतलेल्या बुरुंडी निर्वासितांच्या पथकांत तर स्त्रियाही ढोल वाजविताना दिसल्या.

वारसा जपायचा म्हणजे तो जसाच्या तसा ठेवायचा, की नव्या हातांना वाजवू द्यायचा? ज्या भाषेत ढोल आणि राज्य यांना एकच शब्द आहे, तेथे हा प्रश्न केवळ संगीताचा राहत नाही.