मैदी, विस्ना आणि चीक

१९३३ साली जर्मनीतील हाले येथून आइसलंडमध्ये काराकुल जातीची वीस मेंढरे आणली गेली. ती दिसण्यात निरोगी होती. पुढे काही वर्षांत तेथील कळपांत दोन व्याधी दिसू लागल्या आणि त्यांस स्थानिक भाषेतीलच नावे मिळाली : धाप लागते ती ‘मैदी’, खंगविते ती ‘विस्ना’. दोन्ही नावे लक्षणवाचक. कारण मात्र एकच विषाणू, हे मागाहून उलगडले. आणि शास्त्राने ही दोन्ही नावे जोडूनच कायम केली.

ब्योर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये या व्याधींच्या आधारे ‘मंद संसर्गा’ची कल्पना मांडली. या विषाणूंच्या गणाचे ‘लेंटिव्हायरस’ हे नाव मंद या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. ही मंदताच प्रतिबंधाची खरी अडचण होय. लक्षणे दिसेपर्यंत वर्षे लोटतात, आणि दरम्यान निरोगी भासणारी माता कित्येक पिलांस पाजून मोकळी झालेली असते.

शेळ्यांत सांधे सुजविणारा व करडांत मेंदुदाह करणारा विषाणू याच कुळातील. कोंदट गोठ्यात हे विषाणू श्वासावाटेही पसरतात. आइसलंडच्या हिवाळ्यात मुख्यत्वे तेच घडले. शेळ्यांत मात्र प्रमुख वाट दुधाची. भक्षकपेशींत दडून विषाणू चिकात व दुधात उतरतो. बरे, चीक वर्ज्य करावा तर तेही शक्य नाही. गर्भावस्थेत करडाला आईकडून प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत चिकातूनच घ्यावी लागतात.

म्हणून करडू जन्मताच, कासेला लागण्यापूर्वी, आईपासून वेगळे करतात आणि चीक ५६ अंश सेंटिग्रेडवर एक तास ठेवून मग पाजतात. विषाणू नष्ट होतो, प्रतिपिंडे बहुतांशी टिकतात. उष्णता फार वाढली तर काय होते, हे खरवस करणाऱ्या कोणासही सांगावयास नको. पुढील दूध पाश्चरीकरण करून द्यावे. अनेक शेळ्यांचे कच्चे दूध एकत्र करून पाजण्याची सोयीची पद्धत तर सर्वांत घातक. एका बाधित शेळीमुळे सारी करडे धोक्यात येतात.

लस उपलब्ध नाही. रक्तात प्रतिपिंडे उशिरा प्रकटतात, त्यामुळे एका चाचणीवर विसंबता येत नाही. ती ठरावीक काळाने पुनःपुन्हा करून बाधित जनावरे निराळी ठेवावी लागतात. आइसलंडने याहून कठोर मार्ग पत्करला. तेथे बाधित जिल्ह्यांतील कळपच्या कळप मारून रोगमुक्त भागांतील कोकरे आणली गेली. मैदीचे तेथील अखेरचे प्रकरण १९६५ सालचे.