दोनशे गुणांचा गडी आणि तळातला संघ

लेखमाला : मॅटवरची कबड्डी – लेखांक सातवा

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईचे दोन हंगाम शेजारी शेजारी मांडले, की प्रो कबड्डीतली खरी गोम दिसते. २०१८ चा सहावा हंगाम, संघ यू मुंबा, चढाईचे गुण २१८. २०१९ चा सातवा हंगाम, संघ तेलुगू टायटन्स, चढाईचे गुण २१७. पहिल्या वर्षी ३६ लाख ४० हजारांना घेतलेला हा गडी दुसऱ्या वर्षी १ कोटी ४५ लाखांना गेला. त्या लिलावातली ती सगळ्यांत मोठी बोली. त्यानं आपल्या बाजूनं कसर ठेवली नाही. पण यू मुंबा बाद फेरीत पोचली आणि टायटन्स बारा संघांत अकरावे राहिले. सिद्धार्थचा थोरला भाऊ सूरजही त्या टायटन्समध्ये होता, म्हणजे चंदगडची ताकद दुप्पट झाली होती म्हणायचं. गुणतक्त्यात ती कुठं दिसली नाही.

मागच्या लेखांकात आपण चढाईचा हिशोब पाहिला. आज मॅटच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे पकडीकडे वळू. त्यासाठी टायटन्ससारखा धडा दुसरा नाही. अकराव्या क्रमांकानंतर हा संघ आणखी खाली गेला. आठव्या हंगामात २२ सामन्यांत १ विजय, नवव्यात २, दहाव्यात २. तीन हंगाम, ६६ सामने, ५ विजय आणि तिन्ही वेळा शेवटचा क्रमांक. आठव्या हंगामात सिद्धार्थ खांद्याच्या दुखापतीनं सुरुवातीलाच बाहेर गेला, हे खरं. पण एक गडी गेला म्हणून जो संघ तीन वर्षं उठत नाही, त्याचं दुखणं त्या गड्याच्या खांद्यात नसतं.

लोक म्हणतात, संघ मऊ आहे, दम नाही, ईर्षा नाही. कोल्हापुरात ही भाषा पटकन सुचते, कारण कणखरपणाची आपली कल्पना तालमीतून आलेली. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून आपण दोन पैलवानांकडे बघत आलोय : समोर एक, इकडे एक, ज्याची रग जास्त त्याची कुस्ती. कबड्डीतला बचाव या मापानं मोजायला गेलं की फसगत होते. तिथं एका चढाईपटूसमोर सात जण असतात आणि तरीही तो बऱ्याचदा सुटून जातो. सात जण एकाला घाबरतात असा याचा अर्थ नाही. त्यांचा एकमेकांवर भरवसा नसतो.

नेमकं काय होतं ते बघा. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. कोपरारक्षक खाली बसून त्याचा घोटा धरतो. त्या क्षणी चढाईपटूचं तोंड मध्यरेषेकडे वळतं आणि तो अंग लांबवतो. चांगल्या उंचीच्या गड्याला एक झेप पुरते. आता शेजारचा मध्यरक्षक त्याच्या आणि रेषेच्या मधे कधी येतो, यावर सगळं ठरतं. वेळेत आला आणि छातीनं अडवलं, किंवा धडक देऊन बाहेर काढलं, तर पकड. अर्धा सेकंद उशीर झाला तर चढाईपटूची बोटं रेषेला लागतात, आणि मग घोटा धरणारा बाद होतोच, उशिरा येऊन हात लावणाराही बाद होतो. प्रामाणिक प्रयत्नाची दुप्पट शिक्षा. असं दोन-तीनदा झालं की कोपरारक्षक हात आखडता घेतो. त्याला ठाऊक असतं, आपण धरू, पण मागनं कोणी येणार नाही. प्रेक्षकांना तो भित्रा वाटतो. खरं तर त्यानं केलेला हिशोब बरोबर असतो.

याचा दुसरा प्रकार उतावीळपणाचा. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मुरलेला बचाव पहिल्या दोन चढायांत हात लावत नाही. मागं सरकतो, कोपरे दाबून धरतो, तीस सेकंद जाऊ देतो आणि तिसऱ्या चढाईला सावज आत आल्यावर फास आवळतो. कच्चा बचाव पहिल्याच चढाईत झेपावतो. टाळ्या मिळतात, कधी गुणही मिळतो, पण बहुतेक वेळा गडी गमवावा लागतो. संयम हासुद्धा बचावातला कणखरपणाच, फक्त टीव्हीवर तो कंटाळवाणा दिसतो.

आता सिद्धार्थच्या कोड्याकडे. चांगला चढाईपटू असूनही संघ का हरतो, याचं उत्तर कबड्डीच्या एका मूळ नियमात आहे. बाद झालेला गडी आपोआप परत येत नाही. आपल्या संघानं गडी बाद केला तरच आपला एक गडी जिवंत होतो, आणि तोही बाद झाल्याच्या क्रमानं. बोनसच्या गुणावर कोणी जिवंत होत नाही. म्हणजे दीड कोटीचा चढाईपटू पकडला गेला, की त्याला मॅटवर परत आणायचं काम मुख्यतः बचावाचं. बचाव भक्कम असेल तर पुढच्याच चढाईला पकड होते आणि तो मिनिटाभरात परत आत येतो. बचाव कच्चा असेल तर तो बाकावर बसून बघत राहतो, आणि तेवढ्यात समोरचा संघ उरलेले गडी टिपत जातो. सातचे पाच होतात, पाचाचे तीन. पाच झाले की समोरच्याला बोनस बंद होतो आणि तीन उरले की अव्वल पकडीचे दोन गुण मिळू शकतात, एवढाच काय तो आधार. मग लोण, वर दोन गुण, आणि पुन्हा सात जण नव्यानं उभे. लोण बसला की निदान चढाईपटू आत येतो, हा त्यातला क्रूर विनोद. म्हणून चढाईचे दोनशे गुण मिळवणारा गडी आणि तळाचा क्रमांक यांत काही विसंगती नाही.

यू मुंबात सिद्धार्थच्या मागं डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली होता. त्या हंगामात त्यानं पकडींचे ऐंशीहून अधिक गुण घेतले. सिद्धार्थ बाद झाला तरी फार वेळ बसून राहत नव्हता, तो यामुळे.

मग टायटन्सनी बचावपटू विकत घ्यायचे होते, असं कोणी म्हणेल. घेतले की! नवव्या हंगामात त्यांच्याकडे रविंदर पहल, सुरजीत सिंग, विशाल भारद्वाज, परवेश भैंसवाल अशी नावं होती. कागदावर तो लीगमधला सगळ्यांत दांडगा बचाव होता. निकाल : २ विजय. चौघंही नामांकित, चौघांनी आपापल्या जुन्या संघांत मैदानं गाजवलेली. पण प्रत्येकाची सवय वेगळ्या जोडीदाराची होती. पहल धाडसानं पुढं घुसणारा. त्याच्या शेजारच्याला ते आधी कळलं तरच त्या धाडसाला अर्थ. यातलाच सुरजीत २०२५ मध्ये बाराव्या हंगामात दबंग दिल्लीच्या विजेत्या संघात दिसला. खेळाडू तोच, भोवतालचं जाळं वेगळं.

दहाव्या हंगामाआधीचा लिलाव तर या सगळ्याचा अर्कच होता. टायटन्सनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, तोवरची सर्वोच्च बोली. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर, म्हणजे एका डाव्या कोपऱ्यावर, २ कोटी ३५ लाख लावले. पवननं चढाईत दोनशेहून अधिक गुण घेतले आणि संघ बारावा. शादलुईनं पकडींचे ९९ गुण घेतले आणि पलटण साखळीत ९६ गुणांनी पहिली. १ मार्च २०२४ ला पलटणनं अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं, तेही हैदराबादला, टायटन्सच्याच घरात. हरलेल्या हरियाणाच्या ताफ्यात आता आपला सिद्धार्थ होता.

यातून ‘कोपऱ्यात इराणी आणा’ एवढाच अर्थ काढला तर तो अर्धवट ठरेल. शादलुईच्या बाजूला संकेत सावंत होता, पलीकडे अभिनेष नादराजन आणि गौरव खत्री ही उजवी जोडी. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही पोरं काही वर्षं एकत्र खेळत आलेली, आधीच्या हंगामात उपविजेती ठरलेली. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी या जुन्या जाळ्यात एक मोठा गडी बसवला. टायटन्सनी जाळंच दरवर्षी नवं विणलं. पुढच्या हंगामात शादलुई हरियाणात गेला. तिथंही जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल यांची जमलेली जोडी आधीच उभी होती, आणि २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत हरियाणानं पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं रोखून पहिलं विजेतेपद घेतलं. तेवीस गुण! अंतिम सामन्यात समोरच्याला तेवीसवर थांबवणं हीच माझ्या लेखी त्या हंगामातली सर्वांत देखणी गोष्ट. शादलुई गेला आणि अस्लम जखमी झाला, तशी पलटण आठवी आली. म्हणजे जाळं कितीही जुनं असलं तरी त्याच्या गाठी मजबूत लागतातच.

दुसऱ्या खेळातही हेच दिसतं. टायटन्स दहाव्या हंगामात हरत होते त्याच हिवाळ्यात अमेरिकेत डेट्रॉइट पिस्टन्स हा बास्केटबॉल संघ सलग २८ सामने हरला. एका हंगामातला तो एनबीएचा विक्रम. ८२ पैकी १४ विजय. हाच संघ १९८९ आणि १९९० मध्ये आडदांड बचावाच्या जोरावर विजेता ठरला होता आणि ‘बॅड बॉइज’ हे नाव अभिमानानं मिरवत होता. पुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलला, अनुभवी खेळाडूंची भर पडली, तरुण गाभा मात्र तोच ठेवला. विजय १४ वरून ४४ झाले. ज्यांना वर्षभर मऊ म्हणून हिणवलं, त्यातलीच बरीचशी पोरं होती ती.

टायटन्सही पुढं सावरले. कृष्णकुमार हुडा प्रशिक्षक म्हणून आले आणि अकराव्या हंगामात संघ सातवा आला. बाराव्यात थेट अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर. तिथं समोर पलटण होती. टायटन्स ४५-५० नं हरले. पंचेचाळीस गुण घेऊनही हरणं म्हणजे जुनं दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, असं मला वाटतं. त्या सामन्यात पलटणच्या आदित्य शिंदेला त्यांना आवरता आलं नाही.

आपल्याकडे जिल्ह्यातल्या मातीवरच्या स्पर्धा बघताना पोरांना विचारा, कोण व्हायचंय? दहातले नऊ चढाई म्हणतील, आणि सिद्धार्थसारखं म्हणतील. त्यात वावगं काही नाही. हुंदळेवाडीचा पोरगा बाहुबली म्हणून देशभर ओळखला जातो, तर दुसरं काय होणार! पण संघ निवडताना सगळ्यांत चपळ पोरं चढाईला काढायची आणि उरतील त्यांना कोपऱ्यात उभं करायचं, ही पद्धत मोडायला हवी. डावा कोपरा आणि डावा मध्यरक्षक ही जोडी हंगामभर बदलू नका, शाळेच्या संघातसुद्धा. सरावात दोघांची एकत्र पकड रोज घ्या, आणि गुणलेखकाशेजारी एक पोरगा बसवून समोरच्याच्या किती चढाया रिकाम्या परत धाडल्या ते लिहायला लावा. हा आकडा सहसा कोणी लिहीत नाही. पहिल्या महिन्यात तो वाढणार नाही. कोपरा धरेल, मध्यरक्षक उशिरा येईल, दोघं बाद होतील, आणि बाकावरून कोणीतरी ओरडेल, ‘अरे, धरतोस कशाला?’ त्या ओरडणाऱ्याला आधी गप्प बसवा.

पुढच्या आठवड्यात तिसरी चढाई : हा नियम आल्यानं जुन्या मातीतल्या खेळाडूंचं काय झालं?