जुन्या बाइकचा फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो? मोठा फ्यूज टाकण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात जुन्या मोटारसायकलींच्या वायरिंगच्या तक्रारी वाढतात. किल्ली फिरवली तरी न्यूट्रलचा दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, सेल्फ दाबला तर आवाजही येत नाही. फ्यूज बदलला की सगळे सुरू होते आणि दोन दिवसांनी पुन्हा बंद. मग कोणी १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज टाकतो, तर कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. हा जुगाड धोक्याचा का आहे आणि मूळ दोष कसा शोधायचा, हे समजून घेऊ.

फ्यूज उडतो म्हणजे काय होते?

फ्यूज ही वायरिंगमध्ये मुद्दाम ठेवलेली बारीक तार असते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा बराच जास्त प्रवाह वाहिला की ती वितळते आणि पुढची वायर वाचते. १२ व्होल्टच्या बाइकमध्ये २१ वॅटचा ब्रेक लाइट पावणेदोन अँपिअर घेतो. १० वॅटचे दोन इंडिकेटर आणि ५ वॅटचा टेल लॅम्प धरला, तरी बेरीज चार अँपिअरच्या आतच राहते. त्यात हॉर्नची भर पडली तरी १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. म्हणून तो वारंवार उडत असेल, तर फ्यूज लहान नसून कुठेतरी वायर सोलून चेसिसला टेकत आहे, असे समजावे.

मोठा फ्यूज का नको?

वायर जुनीच, पण फ्यूज दुप्पट क्षमतेचा, अशा वेळी फ्यूज वितळण्याआधी वायर तापते. चांदी किंवा तांब्याची तार लावली, तर रोखणारे काहीच उरत नाही. बॅटरी क्षणात कितीतरी जास्त प्रवाह सोडते, वायरचे प्लॅस्टिक वितळते आणि शेजारच्या वायरीही एकमेकींना चिकटतात. बहुतेक बाइकमध्ये वायरिंगचा मुख्य जुडगा पेट्रोलच्या टाकीखालूनच जातो, हे विसरू नये.

उडालेला फ्यूज नीट पाहा

काचेच्या फ्यूजची काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर थेट शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. काच स्वच्छ असून तार फक्त मध्ये तुटली असेल, तर थोडा जादा भार किंवा वर्षानुवर्षांचे हादरे हेही कारण असू शकते. नवा फ्यूज जुन्याच क्षमतेचा घ्या. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १०, निळा १५ आणि पिवळा २० अँपिअर.

फ्यूज कधी उडतो, त्यावरून जागा ओळखा

• ब्रेक दाबताच : ब्रेकच्या स्विचपासून मागच्या दिव्यापर्यंतची वायर. ती मागच्या मडगार्डला घासते.
• हँडल वळवताना : हेडलाइटच्या मागे, हँडलच्या दांड्याजवळ वाकून वाकून सोललेली वायर.
• खड्ड्यात गाडी आदळल्यावर : टाकी किंवा सीटखाली फ्रेमला घासणारा जुडगा.
• इंडिकेटर किंवा हॉर्न लावताच : त्याच दिव्याची किंवा हॉर्नची वायर.
• किल्ली फिरवताच : किल्लीच्या स्विचपुढची मुख्य वायर किंवा नंतर बसवलेली वस्तू. जादा हॉर्न, एलईडी पट्टी, मोबाइल चार्जर आधी काढून पाहा.

२१ वॅटच्या बल्बची युक्ती

दोष सापडत नसेल तर फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. किल्ली बंद करून फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांना ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. आता किल्ली सुरू करा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर पुढे शॉर्ट आहे. मंद पेटला तर तो दिव्यांचा नेहमीचा प्रवाह असू शकतो. शॉर्ट असला तरी हा बल्ब दोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही.

मग मागचा दिवा, हॉर्न, हँडलवरचे स्विच यांचे कपलर एकेक करून सोडवा. ज्या कपलरला बल्ब विझेल किंवा एकदम मंद होईल, दोष त्याच फांदीत. दोष अधूनमधून येत असेल, तर हँडल दोन्हीकडे वळवा, जुडगा हलवा आणि बल्बवर नजर ठेवा.

हेडलाइटमुळे गोंधळू नका

अनेक जुन्या १०० ते १२५ सीसी बाइकमध्ये हेडलाइट बॅटरीवर नाही, तर इंजिन सुरू असताना थेट मॅग्नेटोवर चालतो. त्यामुळे हेडलाइट लागतो म्हणून फ्यूज शाबूत आहे, असे मानू नका. बल्ब वारंवार जात असतील, तर बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. इंजिन थोड्या वेगात असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर तपासून घ्या. अर्थची वायर गंजली तर दिवे मंद होतात, पण त्याने फ्यूज उडत नाही.

दुरुस्ती टिकण्यासाठी

नुसती टेप पावसात सुटते. सोललेली वायर सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि जुडगा फ्रेमला घासणार नाही असा बांधा. जादा दिवे किंवा हॉर्न हवेच असतील, तर त्यांना वेगळा फ्यूज आणि रिले द्या.

जुडग्यात अनेक ठिकाणी प्लॅस्टिक वितळले असेल किंवा जळका वास येत असेल, तर बॅटरीची वायर काढा आणि वायरिंगचे काम करणाऱ्या मिस्त्रीकडून पूर्ण जुडगाच बदलून घ्या. १५ वर्षांनंतर आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करताना दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न चालू असावेच लागतात. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा दोष आताच शोधलेला बरा.